वर्धापनदिनी नाट्यगीते गाताना : हौशी मंडळांनी या चुका टाळाव्यात

आमचे हौशी नाट्यमंडळ भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातील एका गावचे आहे. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. त्यामुळे नाटकातले गाणे कान देऊन ऐकणारा श्रोता आम्हांला शोधावा लागत नाही. अशा श्रोत्यांसमोर मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त नाट्यगीतांची मैफल करणे ही मोठी जबाबदारी आहे, असे मी मानतो. बरीच वर्षे मी आमच्या आणि आसपासच्या मंडळांच्या अशा कार्यक्रमांना पेटीची साथ करतो आहे आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहतो आहे; त्यांतल्या काही आम्हीही केल्या आहेत. नाट्यपद म्हणजे नाटकातल्या कोणाचे तरी बोलणे असते, याचा विसर पडल्यामुळे त्यांतल्या बहुतेक चुका घडतात.

पद कोणाच्या तोंडचे आहे, हे न पाहणे

एका वर्धापनदिनाला आमच्यातल्या एका चांगल्या गळ्याच्या गायकाने ‘शारदा’ नाटकातले, शारदेच्या तोंडचे एक पद म्हटले. देवलांचे हे नाटक १८९९ चे आहे. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवतो, ही त्याची कथा. गायकाने प्रत्येक ओळीवर ताना घेतल्या, समेवर हात उंचावला आणि टाळ्याही मिळवल्या. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली एक आजी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, “बाबू, थे पोरगी रडून सांगून राहिली, अन् तू टाळ्या मागून राहिला.” आजी त्याला रागावली नव्हती. तिने ते नाटक पाहिलेले होते आणि शारदेची तिला अजून काळजी होती, एवढेच.

त्या वाक्यानंतर आम्ही तालमीची पद्धत बदलली. आता कोणतेही पद बसवण्यापूर्वी गायकाने तीन गोष्टी सांगायच्या असतात: हे कोण म्हणते आहे, कोणाला म्हणते आहे, आणि त्याच्या आधीच्या घटकेला नाटकात काय घडले आहे. त्यासाठी नाटकाचे पुस्तक वाचावे लागते, निदान तो प्रवेश तरी वाचावाच लागतो. त्याच गायकाने पुढच्या वर्षी तेच पद एकही तान न घेता, संथ लयीत, बसल्या जागी म्हटले. दुसऱ्या कडव्याला मंडपात शेंगा फोडल्याचाही आवाज नव्हता.

याचा अर्थ ताना घेऊच नयेत असा नाही, कारण सगळी नाट्यपदे एका जातीची नसतात. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांतल्या साक्या, दिंड्या (जुन्या धाटणीची वृत्तबद्ध गाणी) आणि छोटी पदे कथा पुढे नेण्यासाठी आहेत; ती सरळ, शब्द स्पष्ट ठेवून म्हणावीत, आणि दिंडी ताणून दहा मिनिटांची करण्याचा मोह आवरावा. उलट खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (१९११) मधल्या गोविंदराव टेंब्यांच्या किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) मधल्या भास्करबुवा बखल्यांच्या चालींमागे रागदारी आणि बंदिशी उभ्या आहेत, तेथे तयारीच्या गळ्याने विस्तार करावा. ज्याची तयारी नाही त्याने मूळ चाल नीट म्हटली तरी पद उभे राहते, हे मी पेटीवरून अनेकदा अनुभवले आहे.

वर्षे मोजून गाणी ठेवणे

पंचविसावे वर्ष आहे म्हणून पंचवीस पदे घ्यावीत, असे ठरवणारी मंडळे मी पाहिली आहेत. हिशेब साधा आहे. एक पद पाच मिनिटांचे धरले, निवेदनाला दीड मिनिट आणि गायक बदलून तबला मिळवायला दीड मिनिट धरले, तर प्रत्येक पदामागे आठ मिनिटे जातात. पंचवीस पदांना २०० मिनिटे, म्हणजे भाषणे आणि सत्कार सोडून तीन तास वीस मिनिटे लागतात. चौदा पदे घेतली की ११२ मिनिटे होतात आणि थंडीच्या रात्री लहान मुले घेऊन आलेल्या बायांनाही शेवटपर्यंत बसवते. ज्यांचे पद वगळावे लागते त्यांना वाईट वाटते, हे खरे आहे; त्यांना नांदीत किंवा समूहाने म्हणायच्या पदात घ्यावे.

पट्टीचा, म्हणजे कोणत्या सुराला ‘सा’ धरायचा याचा, घोळ याहून अधिक त्रासदायक असतो. हौशी गायक मोबाइलवर मोठ्या गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याच पट्टीत तालीम करतात. मुखडा सुखाने म्हटला जातो आणि अंतऱ्यात तार षड्जाच्या वर गळा आवळतो. पट्टी अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर गाऊन ठरवावी, आणि तोही एकदा नव्हे, ओळीने तीनदा सहज लागला तरच ती पट्टी कायम करावी. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हिशेबाने आमच्याकडे पुरुष साधारणपणे काळी एक ते पांढरी दोनमध्ये आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. एकच दायाँ (उजव्या हाताचा तबला) एवढ्या अंतरावर चढवता-उतरवता येत नाही. अर्ध्या-एका सुराचा फरक हातोडीने साधतो, त्यापुढे पुडी (तबल्याचे कातडे) तरी निघते किंवा आवाज मेलेला येतो. म्हणून दोन दायाँ हाताशी ठेवावेत, आणि क्रम लावताना एका पट्टीची दोन-तीन पदे लागोपाठ यावीत. पदे नाटकांच्या सनावळीप्रमाणेच आली पाहिजेत असा हट्ट धरला, तर तबलजीचा निम्मा वेळ सूर मिळवायचे लाकडी गट्टे ठोकण्यात जातो.

एक बारीक गोष्ट पेटीवाल्यांसाठी सांगतो. जुन्या पेटीचे सूर मोबाइलमधल्या तानपुऱ्याशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. पेटीचा सूर कार्यक्रमाच्या दिवशी हलवता येत नाही, तानपुऱ्याचा येतो. म्हणून आधी तानपुरा पेटीला मिळवावा, मग त्या दोहोंना तबला.

तयार ट्रॅकवर गाणे

साथीदारांचा खर्च वाचतो म्हणून अलीकडे काही मंडळे तयार ट्रॅक लावतात. नाट्यपदासाठी हा मार्ग मला अजिबात योग्य वाटत नाही, कारण गायक एका शब्दावर थांबला, त्याला एक आवर्तन जास्त हवे वाटले, तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. एक पेटी, एक तबला आणि टाळ एवढ्यावर ही मैफल उत्तम होते. तालुक्यात भजनी मंडळांत ठेका धरणारी मुले भरपूर आहेत. त्यांना महिनाभर आधी बोलवावे.

शब्द ऐकून लिहिणे

पदाचे शब्द ध्वनिमुद्रण ऐकून वहीत उतरवले, तर संस्कृत समासांची हमखास मोडतोड होते, आणि चुकीच्या जागी श्वास घेतल्याने उरलासुरला अर्थही जातो. छापील पुस्तकातून पद हाताने उतरवून घ्यावे आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीने खूण करावी.

उच्चारांबद्दल मला थोडे जपून सांगावेसे वाटते. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, आमच्या झाडीत ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. ही आमची भाषा आहे, आमच्या नाटकांत ती रुबाबात बोलली जाते आणि तिच्यात उणे काही नाही. पण देवल-खाडिलकरांची पदे त्या त्या अक्षरांवर यमक आणि नाद बांधून लिहिलेली आहेत, म्हणून ती गाताना ‘ळ’ आणि ‘ण’ यांची तालीम वेगळी करावी लागते. आमच्याकडे मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका फक्त यासाठी दोन संध्याकाळी येऊन बसतात. त्या गाण्याविना नुसते शब्द वाचून घेतात, आणि त्या दोन संध्याकाळींचा फरक मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत कळतो.

निवेदनात ऐकीव माहिती देणे

निवेदकाने माहिती पुस्तकातून तपासून घ्यावी. ‘एकच प्याला’मधली पदे गडकऱ्यांनी लिहिली, असे वाक्य मी किती तरी निवेदनांत ऐकले आहे, ती वि. सी. गुर्जरांची आहेत. ‘मानापमान’चा १९११ मधला पहिला प्रयोग आणि बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी केलेला संयुक्त प्रयोग, यांचीही सर्रास गल्लत होते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चे. २०१५ च्या चित्रपटात काही गाणी नव्याने घातलेली आहेत आणि ती मूळ नाटकातली म्हणून सादर करणे चूक आहे.

दुसरी चूक मला याहून जास्त लागते. आमचे निवेदक पुण्या-मुंबईच्या आठवणी भरभरून सांगतात आणि आपल्या मातीशी असलेले नाते सांगायचे राहून जाते. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी शेवटचा श्वास घेतला तो नागपूरजवळच्या सावनेरात, आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. ‘कट्यार’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि त्यातला खाँसाहेब गाऊन अजरामर करणारे वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही नावे आपल्या गावच्या मंडपात उच्चारली की बसलेल्या पोरांच्या माना वर होतात.

तारीख आणि परवानग्या

कार्यक्रम धानाची कापणी आणि चुरणे आटोपल्यावर ठेवावा, आणि त्या रात्री जवळच्या गावी नाटक किंवा दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) नाही, हे विचारून घ्यावे. हंगामात ध्वनिक्षेपकवालेही मोकळे नसतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मिळणारी मध्यरात्रीपर्यंतची सूट आपल्या तारखेला असेलच असे नाही. म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज देतानाच शेवट साडेनऊचा धरावा.

गाण्यांच्या हक्कांबद्दल मंडळे एकतर फार घाबरतात किंवा मुळीच विचार करत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि खाडिलकर यांच्या पदांना अडचण नाही. नंतरच्या नाटकांतली पदे हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर गाण्यास कायद्यात मुभा आहे. मात्र तिकीट लावले तर हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते.

दव आणि आवाज यांचा विचार न करणे

जानेवारीच्या रात्री आमच्याकडे आठनंतर दव उतरू लागते. तलावाच्या बाजूला मंडप असेल तर ते आणखी लवकर कळते. तबल्याची पुडी ओल शोषते आणि सैल पडते. सात वाजता काळी पाचला मिळवलेला दायाँ नवाच्या सुमारास स्पष्ट उतरलेला असतो. त्याच मंडपात दिव्यांच्या झोताखाली ठेवलेला दुसरा दायाँ तापून चढतो. तबलजी बिचारा चाटीवर (पुडीच्या कडेवर) बोट ठेवून ऐकतो, ठोकतो, पुन्हा ऐकतो, आणि गायिका तोवर तोंडातला षड्ज हरवून बसते. उपाय खर्चाचा नाही. वरून ताडपत्री असावी, वाद्ये दिव्यांपासून दूर ठेवावीत, न वाजणारा दायाँ घोंगडीत गुंडाळून ठेवावा आणि प्रत्येक निवेदनाच्या वेळात तबला सुराशी ताडून पाहावा.

ध्वनिक्षेपकवाला बहुधा वरातीची कामे करणारा असतो आणि त्याच्या सवयीप्रमाणे तो खर्ज वाढवतो आणि इको लावतो. इकोमुळे एक शब्द दुसऱ्यावर चढतो आणि पदाचा जीवच जातो. त्याच्याशी हुज्जत न घालता दुपारी तासभर आधी बोलवावे, एक पद पूर्ण गाऊन दाखवावे आणि इको बंद करून घ्यावा. पेटीचा माइक भात्याकडून न ठेवता पट्ट्यांच्या बाजूने ठेवावा, नाहीतर हवेचा फुसफुसाट ऐकू जातो. गायकांनी माइक साधारण वीतभर अंतरावर ठेवावा, तार सप्तकात थोडे मागे सरावे. वीज केव्हाही जाते, म्हणून जनित्र असतेच. पण ते मंडपाच्या पाठीशी उभे करू नये. ज्या बाजूला वारा वाहतो त्या बाजूला, लांब वायर टाकून ठेवावे.

भैरवीनंतर सत्कार

सुरुवात नांदीने आणि शेवट भैरवीने, हा क्रम सर्वांना माहीत असतो. तरीही भैरवी झाल्यावर आभार, देणगीदारांची नावे आणि शाल-श्रीफळ सुरू होते, आणि अर्धा मंडप उठलेला असतो. पाहुण्यांची भाषणे नांदीपूर्वी पंधरा मिनिटांत आटोपावीत, ज्येष्ठ कलावंतांचे सत्कार सातव्या-आठव्या पदानंतर करावेत आणि आभार शेवटून दुसऱ्या पदाच्या आधी मानावेत. भैरवीचा शेवटचा सूर थांबला तरी तानपुरा दहा-पंधरा सेकंद चालू राहू द्यावा, आणि त्यानंतर लगेच दुसरे कोणतेही गाणे लावू नये, असे ध्वनिक्षेपकवाल्याला दुपारीच सांगून ठेवावे.