स्वसंरक्षणासाठी पहिला घडीचा चाकू घेताना या चुका टाळा

घडीचा चाकू पहिल्यांदाच विकत घेणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात : रात्री उशिरा घरी परतताना जवळ ठेवण्याजोगा चाकू कोणता? पुढच्या बहुतेक चुका या प्रश्नातूनच निघतात. चाकूची निवड शस्त्र म्हणून करायची असे एकदा ठरले की पाते लांब हवे, ते झटक्यात उघडले पाहिजे, दिसायलाही उग्र असावे अशा अटी वाढत जातात आणि रोजच्या कामाला, स्वतःच्या बोटांना व कायद्याला जे मानवेल ते मागे पडते.

इंचांच्या ऐकीव हिशेबावर विसंबणे

‘सहा इंचांपर्यंत गुन्हा नाही’, ‘नऊ इंचांपर्यंत चालते’ अशी वाक्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत महिलांना स्वसंरक्षणासाठी चाकू वाटले, तेव्हाही ही चर्चा रंगली होती. नऊ इंचांचा आकडा हवेतून आलेला नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी न बनवलेल्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे. मात्र त्याहून लहान चाकू कुठेही, केव्हाही खिशात ठेवता येतो असा त्याचा अर्थ होत नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ३ इंच लांबीपासूनच्या खटक्याच्या चाकूंवर निर्बंध घातले.

महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७(१) अधिक महत्त्वाचे आहे. या कलमाखाली सण, निवडणूक, मोर्चा अशा निमित्तांनी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी जे मनाई आदेश काढतात, ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आपण रोज पाहतो आणि पान उलटतो. त्यात तलवारी, भाले, सुरे, काठ्या यांच्याबरोबर शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास मनाई असते, आणि तिथे इंचांचा प्रश्नच येत नाही. आदेशाचा भंग झाल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चाकू सहज ऑनलाइन मिळाला म्हणजे तो बाळगणे कायदेशीर झाले, हा समजही असाच घातक आहे. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले होते.

‘सेल्फ डिफेन्स’ अशी जाहिरात असलेला चाकू निवडणे ही त्याहून सूक्ष्म चूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी शस्त्र म्हणून घडवलेल्या वस्तू येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यातून वगळल्या आहेत. ज्या शब्दामुळे ग्राहकाला धीर वाटतो, तोच शब्द पुढे त्याच्या विरोधात जाऊ शकतो.

चाकू वेळेवर हातात येईल असे गृहीत धरणे

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की धावत येणारा माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून झाडणे जेमतेम साधते. घडीचा चाकू आधी पर्समधून शोधायचा, मग नखाने पाते उचलायचे, मग मूठ नीट धरायची, आणि हे सारे थरथरत्या हातांनी. शिवाय अशा बहुतेक चाकूंना पाते आणि मूठ यांच्यामध्ये आडवा अटकाव नसतो. जोर लागताच घामट हात पुढे घसरतो आणि स्वतःच्याच बोटांतील स्नायुबंध कापले जाऊ शकतात.

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी बचावाचा हक्क देतात, हे खरे. तथापि बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मर्यादा याच संहितेचे कलम ३७ घालते, आणि चाकूच्या घावाची खोली अंधारात, झटापटीत कोणालाही मोजून ठरवता येत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : संरक्षणासाठी अंतर राखणे, आरडाओरडा करणे, ११२ क्रमांक आणि हाताशी ठेवलेला, मुदत न संपलेला मिरचीचा स्प्रे यांवर भर द्यावा, आणि चाकू घ्यायचाच तर दोरी, खोकी, फळे कापण्यासाठी घ्यावा.

लॉक न तपासता पैसे मोजणे

कामाच्या चाकूला अडीच ते तीन इंचांचे पाते पुरते. दुकानात खरा वेळ द्यावा तो लॉकला, म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणाऱ्या अडसराला. पाते पूर्ण उघडून हळूच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. कटकट जाणवली तर तो चाकू परत ठेवावा. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली बसते. उजेडात धरून पाहिल्यास ती बुडावर नीट टेकली आहे की फक्त तिचे टोक अडकले आहे, हे दिसते. टोकावर अडकलेली पट्टी दाब येताच निसटते आणि पाते थेट बोटांवर मिटते. पारंपरिक स्विस चाकूंच्या अनेक लहान नमुन्यांत लॉक नसतेच, केवळ स्प्रिंगचा ताण असतो. सफरचंदाला तो पुरेसा आहे, भोसकण्याजोग्या कामाला अजिबात नाही. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूचे फिरते कडे पाहायला साधे, पण भरवशाचे असते. त्याची लाकडी मूठ मात्र पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडेना होते. बटण दाबताच फट्कन उघडणारे चाकू टाळावेत. कायद्याची अडचण आहेच, शिवाय ते खिशातही उघडू शकतात.

जुन्या चाकूच्या तक्रारींकडे दुर्लक्ष

लॉक अचानक नीट बसेनासे झाले तर बहुधा खिशातील सुताचा गोळा पट्टीखाली साचलेला असतो. टूथपिकने तो काढावा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा, कारण जास्त तेलाने धूळच चिकटते. पाते डुलत असल्यास सांध्याचा स्क्रू पाव फेरा आवळून पाहावा. तरीही डुलले तर त्या चाकूवर जोर देऊ नये. कार्बन पोलाद कोकणच्या हवेत लवकर गंजते आणि लिंबू कापल्यावर काळवंडते, त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्याने स्टेनलेस पोलादच घ्यावे. बोथट पाते निरुपद्रवी असते असे समजू नये. ते जास्त जोर मागते आणि जास्त जोरानेच हात सटकतो.

विमानप्रवासापूर्वी हातातल्या बॅगेचे सर्व कप्पे तपासून चाकू चेक-इन सामानात टाकावा, कारण केबिनमध्ये तो नेता येत नाही. आणि मनाई आदेश लागू असेल त्या दिवशी त्याची जागा घरातल्या खणात असावी.