बफर कॅशला हात लावण्याआधीची तयारी

रविवारी सकाळी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळ जमून एक्सव्ही-६ चा (एमआयटीची शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) बफर कॅश, म्हणजे डिस्कचे ब्लॉक मेमरीत धरून ठेवणारा भाग, सुधारायचा, एवढं ठरलंय. येताना घरून काय करून यायचं ते इथे लिहितो. तिथे बसून पॅकेजेस उतरवत राहिलो तर सकाळ त्यातच जाईल, आणि एप्रिलच्या सोलापुरात दुपारी बारानंतर लॅपटॉपकडून फार अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा क्यूएमू (ज्यावर एक्सव्ही-६ चालवायचं तो एम्युलेटर), रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा कंपायलर आणि जीडीबी (डीबगर) आदल्या रात्रीच बसवा, एमआयटीच्या लॉक लॅबचा (हेच काम देणारा गृहपाठ) कोड उतरवून तो एकदा बूट होतोय ना ते बघा. चार्जर विसरू नका. बॅटरीवर किंवा तापल्यावर प्रोसेसर स्वतःच मंदावतो, मग सेकंदांची तुलना फसवी ठरते. तसं आपण सेकंद धरणारच नाही. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मिळेपर्यंत किती फेऱ्या वाया गेल्या हे बीकॅशटेस्ट हा लॅबचा चाचणी प्रोग्राम छापतो, तो आकडा बघायचा. मूळ कोडवर तो तीन-चारदा काढून वहीत लिहून आणा. लॅबच्या अटीप्रमाणे शेवटी बफर कॅशच्या सगळ्या लॉकच्या अशा फेऱ्यांची बेरीज ५०० च्या आत यायला हवी.

मग बायो.सी ही बफर कॅशची फाईल वाचा. छोटी आहे, चहा निवायच्या आत संपते. प्रत्येकी १०२४ बाइटचे ३० बफर, एकच साखळी आणि सगळ्यांवर मिळून एकच स्पिनलॉक (मिळेपर्यंत फेऱ्या मारत राहायचा लॉक). म्हणजे अख्ख्या गल्लीला एक नळ. हवा तो ब्लॉक कॅशमध्ये असला तरी रांग चुकत नाही. इथे कुणीतरी हमखास सुचवतं, ३० चे ३०० करू. डिस्कच्या खेपा कमी होतील, पण लॉकपुढची गर्दी तशीच राहील, उलट लांब साखळी चाळताना लॉक जास्त वेळ अडकून पडेल.

आपण ब्लॉक क्रमांकावरून बफरचे १३ बकेट, म्हणजे गट, करणार आहोत, प्रत्येकाला वेगळा लॉक. १३ ही मूळ संख्या असल्याने ठरावीक अंतराने येणारे क्रमांक सहसा एकाच बकेटमध्ये साचत नाहीत. सापडलेला बफर परत देणं यात सोपं आहे. खरी डोकेदुखी ब्लॉक सापडला नाही की सुरू होते, कारण तेव्हा वापरात नसलेला जुना बफर दुसऱ्या बकेटमधून काढून आणावा लागतो; म्हणून बीगेटचा (ब्लॉकसाठी बफर शोधून देणारं फंक्शन) तेवढा भाग कागदावर लिहूनच या. तिसऱ्या बकेटचा लॉक धरून एक प्रोसेस सातव्याची वाट बघतेय आणि दुसरी नेमकी उलट करतेय, की दोघीही तिथेच अडकल्या. त्यासाठी लॉक घ्यायचा क्रम आधीच पक्का करा. दुसरा मार्ग म्हणजे जुना बफर काढून घेण्याच्या कामापुरता वेगळा लॉक ठेवून ते एका वेळी एकालाच करू देणं. लॅबला ते चालतं आणि पहिल्या खेपेला मीही तेच सुचवेन. मात्र मधे बकेटचा लॉक सोडला असेल, तर तो परत घेतल्यावर ब्लॉक पुन्हा शोधायलाच हवा. तेवढ्यात दुसऱ्या कुणी तोच ब्लॉक आणून ठेवलेला असू शकतो. एका ब्लॉकच्या दोन प्रती झाल्या की फाईल सिस्टिम बिघडते, आणि पॅनिक (कर्नल चूक सापडून थांबणं) भलत्याच फंक्शनमध्ये दिसतो.

बीपिन आणि बीअनपिन (बफर कॅशमध्ये रोखून ठेवणारं आणि मोकळा करणारं फंक्शन) हेही जुनाच लॉक घेतात, त्यांच्यावर आताच खूण करून ठेवा. बफरचा स्लीपलॉक (ज्याची वाट बघताना प्रोसेस झोपते) घेण्याआधी बकेटचा स्पिनलॉक सोडायचा, हेही कागदावर असू द्या. लिनक्सचं कुणी विचारेलच: तिथे २.४ आवृत्तीपासून बफर कॅश पेज कॅशमध्ये (फाईलची पानं मेमरीत ठेवणारा कॅश) मिसळला आहे, तो विषय पुढच्या वेळी घेऊ.

तपासणी आधी एका सीपीयूवर करायची, मग तीनवर. एकावर लॉकची चढाओढ दिसतच नाही, त्यामुळे तिथे पास झालं की 'चालतंय की बे' म्हणून लॅपटॉप मिटू नका. तीन सीपीयूवर बीकॅशटेस्ट पुन्हा पुन्हा चालवा, मग यूजरटेस्ट्स (एक्सव्ही-६ ची सर्वसाधारण चाचणी) पूर्ण होऊ द्या, आणि प्रत्येक टप्प्याला गिटमध्ये कमिट करत चला.