क्योतोहून पंखा घेताना

जपानमधल्या क्योतोत घडीचा पंखा, म्हणजे सेन्सु, घ्यायचा तर आधी तो कशासाठी बनवलाय ते विचारा. चहाविधीचा छोटा पंखा वारा घ्यायला नसतोच, आणि नाचाच्या पंख्यात तोल साधायला वजन घातलेलं असतं. रोजच्या वापरासाठी उन्हाळी पंखाच मागा. दुकानदाराला विचारून तो सावकाश उघडा, मिटा. घड्या आपापल्या जागी बसल्या आणि बाहेरच्या दोन जाड काड्यांनी बाकीच्यांना घट्ट धरलं, तर काम चोख. १८२३ पासूनचं मियावाकी बाइसेन-आन हे पंख्यांचं दुकान जरूर पाहा, तिथलं काम बघून नजर तयार होते. पंख्यावरची कागदी पट्टी मात्र फेकू नका! मिटल्यावर तीच चढवा, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात. दमट हवेत कागदाच्या घड्या सैलावतात.