जातिवंत पिल्लू घेताना आणि घरच्या कुत्रीची पिल्लं काढताना या चुका टाळा

सोलापुरात पिल्लाचा सौदा बऱ्याचदा मोबाइलवरच्या फोटोवरच ठरतो. पिल्लू गुबगुबीत दिसतं, गळ्यात रिबन असते, लगेच टोकन जातं. मग आठवडाभरात रक्ताची जुलाब लागते, सहाव्या महिन्यात मागचा पाय लंगडतो किंवा पहिल्याच एप्रिलमध्ये धाप लागते. यातलं बरंचसं आधी कळू शकतं. त्यासाठी पिल्लाच्या आधी त्याची आई बघावी लागते.

आई न बघता पिल्लू उचलणं

"आई गावाकडं आहे", "ती चावते म्हणून आत बांधलीय", "तुम्ही कशाला येता, एसटी स्टँडवर आणून देतो" यातलं एकही वाक्य ऐकलं की तिथंच थांबा. पिल्लं जिथं वाढली तिथंच जाऊन आईबरोबर बघायची. दूध पाजणाऱ्या कुत्रीची कास ओघळलेली आणि सड मोठे झालेले असतात. दाखवलेल्या कुत्रीचं पोट घट्ट आणि सड बारीक असतील तर ती आई नव्हे, शोपीस आहे. आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल तर तेही लक्षात ठेवा. भित्रेपणा काही प्रमाणात रक्तातून उतरतो आणि काही पिल्लं आईचं बघून शिकतात.

लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटविलर घेत असाल तर आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसला नाही तर सांधा झिजतो, आणि हा दोष आनुवंशिक असतो. तो एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावरचा असेल तर जास्त भरवशाचा. "आमचा कुत्रा बघा कसा पळतो" हे एक्स-रेला उत्तर नाही. सौम्य दोष असलेला कुत्राही तरुणपणी पळतो.

वयाची बनवाबनवी

2017 च्या केंद्रीय श्वान प्रजनन नियमांनुसार 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. तरीही तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं "दीड महिन्याची" किंवा "दोन महिन्यांची" म्हणून सर्रास जातात, कारण तेव्हा ती सगळ्यात गोंडस दिसतात आणि विकणाऱ्याचा खुराक वाचतो. तोंड उघडून दात मोजा. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे 28 दात बहुतेक आलेले असतात. पुढचे दात आणि सुळेच दिसत असतील, मागच्या दाढा हिरडीतच असतील, तर पिल्लू अजून आईपाशी असायला हवं. भावंडांशी खेळतानाच पिल्लू जोरात चावायचं नाही हे शिकतं. ते न शिकलेलं पिल्लू पुढे घरातल्या पोरांचे हात फोडतं.

"लस झालीय" यावर विश्वास

आईच्या चिकातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत तेच लसीला निकामी करतं. ते कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून दर 3-4 आठवड्यांनी, वय 16 आठवडे होईपर्यंत डोस द्यायचे असतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. तिसाव्या दिवशी टोचलेल्या एका डोसवर "फुल्ल व्हॅक्सिनेटेड" म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

कार्डावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. नुसत्या पेनाने लिहिलेली तारीख चालवून घेऊ नका. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा घरच्या फ्रिजमध्ये ठेवून विकणाऱ्यानेच टोचलेल्या लसीचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

पेपर म्हणजे तब्येत नव्हे

केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला वंशावळ सांगतो. खुबा, डोळे, काळीज कसं आहे ते सांगत नाही. तरी पेपर असेल तर नीट तपासा. मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर समोर स्कॅन करून दाखल्याशी जुळवा, आणि आईबापाकडच्या घराण्यात एकच नाव दोन्ही बाजूंना जवळच्या पिढीत येतंय का बघा; येत असेल तर जोडी जवळच्या नात्यातली आहे. "पेपर नंतर देतो" म्हणजे बहुधा कधीच देत नाही.

"डबल बोन", "हेवी बोन", "पॉकेट पॉम", "टीकप" हे बाजारातले शब्द आहेत, यातली एकही जात नाही. टीकप म्हणून विकलेलं पिल्लू कित्येकदा लहान वयाचं किंवा कुपोषित असतं. इतक्या छोट्या पिल्लाने एक वेळ खाल्लं नाही तरी रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात.

हात न लावता निवड करणं

शक्यतो सकाळी, पिल्लांना खायला घालायच्या वेळी जा. सगळ्या पिल्लांना मोकळं सोडायला सांगा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. एखादं ताटलीकडं न येता कडेला झोपून राहिलं तर कारण विचारा. मग निवडलेलं पिल्लू हातात घ्या. वरचा ओठ उचला: हिरडी गुलाबी हवी. पांढरट असेल तर जंत किंवा गोचिडतापाचा संशय घ्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड बघा. पोट ढोलासारखं आणि बरगड्या वर आलेल्या म्हणजे गुबगुबीतपणा नव्हे, जंत. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर 15 दिवसांनी दिलेलं असायला हवं.

बेंबीवर बोट फिरवा. मऊ फुगा लागला आणि दाबल्यावर आत गेला तर हर्निया आहे. लहान असेल तर घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना दाखवा. नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली आलेत का चाचपा. दोन महिन्यांपर्यंत बहुतेकांचे उतरतात. सहा महिन्यांनंतरही एक वरच राहिला तर त्या कुत्र्याला मेटिंगला वापरायचं नाही. शेवटी पाठीमागे चावी पाडून बघा. घाबरून पळून न जाता पिल्लू वळून बघायला आलं तर चांगलं.

सोलापूरचं ऊन न मोजणं

एप्रिल-मेमध्ये इथे पारा 40 च्या वर जातो. कुत्रा मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच गार होतो. पग, फ्रेंच बुलडॉग यांचं नाक चपटं आणि नाकपुड्या चिंचोळ्या, त्यामुळे तीच सोय अपुरी पडते. पग घ्यायचाच असेल तर नाकपुड्या उघड्या असलेला आणि झोपेत न घोरणारा निवडा. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड हा सोलापुरात हौसेचा नाही, त्या जनावराच्या हालाचा विषय आहे. एसी लावू म्हणणारे मे महिन्यातल्या दुपारच्या लोडशेडिंगचा विचार करत नाहीत. हस्कीचे केस वस्तऱ्याने काढणंही चूक आहे, कारण तोच थर उन्हापासून वाचवतो. मेलेले केस विंचरून काढा.

कारवान घेताना

मंगळवेढा, अक्कलकोट, विजापूरकडचा हा आपलाच कुत्रा. ऊन सोसतो, कमी खातो, आजारी कमी पडतो. पण यातही दोन लोचे आहेत. शर्यतीच्या हौसेपायी ग्रेहाउंडशी क्रॉस केलेली पिल्लं अस्सल म्हणून विकली जातात. दुसरं, एखादा नर नावाजला की अख्ख्या तालुक्यातल्या कुत्र्या त्याच्याकडेच नेतात आणि पुढच्या पिढीत सावत्र भाऊ-बहिणींचीच जोडी लागते. बाप कोण, आजा कोण हे लिहून ठेवणाऱ्याकडूनच पिल्लू घ्या. "सशावर सोडून दाखवतो" म्हणणाऱ्याकडून मुळीच नको, शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कारवानच्या अंगावर चरबी फार कमी असते, म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. थायोपेंटोनसारख्या भुलीतून असे सडपातळ कुत्रे उशिरा शुद्धीवर येतात.

घरच्या कुत्रीची पिल्लं काढताना

"एकदा तरी व्यायला हवी, नाहीतर आजारी पडते" हा समज चुकीचा आहे. पिल्लं काढायची नसतील तर ऑपरेशन करून घ्या. काढायचीच असतील तर पहिल्या हीटला, म्हणजे पहिल्या माजाला नाही: नियमांनुसार कुत्री किमान 18 महिन्यांची हवी, 12 महिन्यांत एकदाच आणि आयुष्यात 5 वेळांपेक्षा जास्त नाही. मेटिंगआधी नर-मादी दोघांची ब्रुसेला या जिवाणूसाठी रक्ततपासणी करा. त्याने गर्भ पडतो आणि तो माणसालाही लागू शकतो.

गाभण काळ सुमारे 63 दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेटिंग लावली तर पिल्लं ऐन उन्हाळ्यात येतात. एक हीट सोडा. "हीटच्या दहाव्या दिवशी लावा" हा ठोकताळा अनेकदा चुकतो. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी करून दिवस ठरवला तर फेऱ्या वाचतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गाभणपणी कॅल्शियमचं टॉनिक. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडातून ते काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग पिल्लं दूध ओढायला लागली की दोन-तीन आठवड्यांत कुत्री थरथरते, ताठरते, झटके येतात. छोट्या जातींत हे जास्त. तेव्हा वेळ घालवायचा नाही, शिरेतून औषध लागतं. गाभणपणी चांगला पपी फूड पुरेसा असतो.

55 व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून ठेवा. जोरात कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, आत आणखी असताना दोन तास गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला तर थेट डॉक्टर. कुणीतरी ओळखीच्याने दिलेलं, कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आडव्या पिल्लावर गर्भाशय फाडू शकतं.

आणल्यावर बिघडलं तर

पातळ शी झाली पण पिल्लू खेळतंय: आधी गाईचं दूध आणि बदललेला खुराक बंद करा, विकणाऱ्याकडे जे खात होतं तेच आठवडाभर द्या. उलटी, सुस्ती आणि वास मारणारी रक्ताळ जुलाब असेल तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराचा संशय. त्याच दिवशी शीची किट-तपासणी करा. माणसाची जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. आणखी एक: घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर तो विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो. फरशी आधी घासून धुवा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओली ठेवा. अंगण निर्जंतुक होत नाही. लसीकरण पूर्ण झालेलं, थोडं मोठं पिल्लूच आणा.

पैसे देण्याआधी एक गोष्ट कागदावर घ्या: 48 ते 72 तासांत तुमच्या डॉक्टरांनी गंभीर दोष लिहून दिला तर पिल्लू परत आणि पैसे परत. जो यावर सही करत नाही त्याच्याकडचं टोकन काढून घ्या.