केस पिंजारतायत? आधी या चुका टाळा

जून लागला की बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि आमच्या घरातल्या समस्त बायकांच्या डोक्याचा कापूस होतो. आमचं गाव अडीच हजार फुटांवर, पाऊस दिवसदिवस उघडत नाही, घरात भिंतीसुद्धा ओल धरतात, मग केसांनी काय पाप केलंय.

दोन वर्षांमागं चुलत बहिणीचा साखरपुडा होता खानापुरात, तोही भर जूनमध्ये. मी सकाळीच टिळकवाडीतल्या एका पार्लरमध्ये जाऊन केस प्रेस करून घेतले, एकदम सरळ, चकचकीत, आणि स्कार्फ बांधून स्कूटीवर निघाले. वाटेत पाऊस असा लागलाच नाही, नुसती हवा ओलीकिच्च होती. हॉलवर पोचून स्कार्फ सोडला तर बहीण म्हणते, "अग अक्का, पिंजाऱ्याकडनं आलीस काय?" फोटोत मी सगळ्यात मागं उभी आहे, मुद्दाम.

झालं काय होतं तर केसाच्या आत केराटिन नावाचं प्रोटीन असतं आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध असतात. हे बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना परत जुळतात. प्रेस करताना आपण ते केस सरळ धरून जुळवतो, पण हवेतला दमटपणा आत शिरला की ते सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो, त्यासाठी भिजायची गरजच नाही. आणि बाहेरचं आवरण असतं ते कौलांसारखं, एकावर एक बसवलेलं. कौलं नीट बसलेली असली तर पाणी आत कमी जातं. माकडं नाचून गेल्यावर घराचं जे होतं ना, तेच आपण कंगवा, साबण आणि इस्त्री घेऊन केसाचं करतो.

आता सगळ्यात मोठी चूक, हिच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण मी स्वतः वीस वर्षं केली. वाळलेले केस विंचरणं. बऱ्याच जणींचे केस खराब नसतातच, ते मुळात लाटांचे किंवा कुरळे असतात आणि आपल्याला लहानपणापासून कुणी सांगितलेलंच नसतं. आई दोन वेण्या घट्ट घालून शाळेत पाठवायची, रविवारी न्हाणं झालं की कोरड्या केसांतून बारीक फणी, आणि मग "किती राठ केस ग तुझे, कुणावर गेलीस" हे ऐकायचं. लाटेतले केस एका गुच्छात राहिले तर छान दिसतात, कोरड्यात फणी फिरवली की गुच्छ सुटून एकेक केस वेगळा होतो आणि डोकं दुप्पट मोठं दिसतं. तपासायचं सोपं आहे: एकदा केस धुवा, कंडिशनर लावा, धुवून टाका आणि मग हात लावू नका, विंचरू नका, तसेच वाळू द्या. वाळल्यावर नागमोडी बटा दिसल्या तर तुमचे केस वेव्ही आहेत, विषय संपला.

मग विंचरायचं कधी? कंडिशनर डोक्यात असताना, न्हाणीघरातच, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडनं सुरू करून हळूहळू वर. मुळापासून खाली ओढायचं नाही, ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. बाहेर आल्यावर फक्त बोटं. बारीक फणी उवा काढायला ठेवा.

टॉवेलचं पण तसंच. जाड टर्किश टॉवेलनं खसाखसा पुसणं, नाहीतर पंच्यानं केस सटासटा झटकणं, हे आमच्याकडं आज्जीपासून चालत आलंय. झटकताना आवाज आला नाही तर तिला केस पुसल्यासारखं वाटायचंच नाही. मी आता तिच्याच जुन्या सुती लुगड्याचा तुकडा वापरते, शहापुरातल्या दुकानातलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालंय, केस त्यात नुसते दाबायचे, चोळायचे नाहीत. लुगडं नसेल तर जुना कॉटनचा टी-शर्ट.

पाणी हा आमच्याकडचा वेगळाच विषय. नळाला राकसकोप धरणाचं पाणी आलं तर बरं, ते गोडं. पण नळ रोज थोडाच येतोय, मग आहे बोअर. बोअरचं पाणी जड असलं तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर होतो आणि तो केसावर बसतो, म्हणून केस धुवूनही गवतासारखे लागतात. बादलीच्या कडेला पांढरा थर आणि साबणाला फेस नाही, तर समजायचं. त्यात कुणी अंगाचा साबण डोक्याला लावत असेल तर हात जोडले, साबण क्षारीय आणि केस थोडे आम्लधर्मी, कौलं उचकटणारच. बोअरवाल्यांनी महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए (हे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून काढतं) असलेला शाम्पू वापरावा, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नाहीतर शेवटच्या तांब्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते ओतायचं आणि मग साधं पाणी. शिकेकाई चांगली, पण पावडर थेट चोळू नका, तिचा चरचरीतपणा केसाला घासतो, भिजवून उकळून गाळून घ्या. आणि बंबातलं कडकडीत पाणी पाठीवर घ्या की, डोक्यावर कोमट.

तेलाबद्दल भांडण नको, पण वेळ चुकते. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, आणि धुण्याआधी लावलं तर धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, हे 2003 साली छापून आलेल्या भारतीय संशोधनात दिसलंय, सूर्यफुलाच्या तेलात नि मिनरल ऑइलमध्ये ते दिसलं नाही. म्हणजे न्हायच्या आधी तास-दोन तास. पिंजारलेल्या कोरड्या केसांवर वरनं तेल थापलं तर ते तेलकट पिंजारलेले केस होतात, एवढंच. धुतल्यावर लावायचं असेल तर दोन थेंब, ओल्या केसांवर, फक्त टोकांना.

स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीच नाही, आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तो तिथंच तुटतो. कोरड्यावर लावायचा तर हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे किंवा क्रीम लावून, दीडशे-एकशेऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि एकाच बटेवरनं पाच वेळा नको. पार्लरमधल्या केस सरळ करायच्या केराटिन ट्रीटमेंटला जायच्या आधी बाटलीवर काय लिहिलंय ते विचारा, लाजू नका. काहींमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं किंवा गरम केल्यावर सुटतं, ते कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलेल्या ट्रीटमेंटमुळं किडनीला त्रास झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. डोळे चुरचुरले, डोकं दुखायला लागलं तर उठून यायचं, पैसे गेले तरी चालतील.

मला उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे जवस, त्याचं जेल करून केसांना लावायचं. भाकरीबरोबर जवसाची चटणी आपल्याकडं घरोघरी, डबा भरलेलाच असतो. पाव कप जवस, दोन कप पाणी, ढवळत सात-आठ मिनिटं उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळायचं. पहिल्यांदा मी फोन आला म्हणून गार होऊ दिलं, मग ते चाळणीतनं उतरेना, शेवटी जुन्या ओढणीत घालून पिळलं आणि ओट्यावर, गाऊनवर, सगळीकडं शेंबडासारखं. बहिणीला सांगितलं तर म्हणे "मी पण असंच केलो की." फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगळायचे आणि सोडून द्यायचे, वाळल्यावर कडक वाटले तर परत चुरगळायचे.

एक राहिलं. भांगापाशी आखूड केस उभे राहत असतील आणि बाळंतपणाला काही महिने झाले असतील तर ते पिंजारणं नव्हे, गळलेल्या जागी नवीन येतायत, त्यांना जेल लावून बसवायला जाऊ नका, वाढू द्या. आणि कधी नव्हे ते केस अचानक राठ झाले, गळायला पण लागले, सोबत थकवा आणि वजन वाढतंय, तर शाम्पू बदलत बसण्यापेक्षा थायरॉइडची तपासणी करून घ्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी वर्षभर बोअरच्या पाण्याला शिव्या घातल्या आणि निघालं थायरॉइड.