सबवूफर जोडला, पण डग्गा कुठाय?

आमचा दादरचा हॉल १० बाय १४ फुटांचा. बाबांची सगळी हयात तबल्यात गेली, त्यामुळे सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, घुमणारा आवाज देणारा स्पीकर, आणला तो सिनेमातल्या स्फोटांसाठी नव्हे, डाव्या हाताने वाजणाऱ्या डग्ग्यासाठी. छोट्या स्पीकरमधून चाट (तबल्याच्या कडेचा बोल) टणटणीत यायची, पण डग्ग्यावरचा घिस्सा (तळवा घासून सरकवलेला स्वर) निम्म्यातच विरायचा. बाबा विचारायचे, "याचा डावा हात कुठाय?"

वायरचं काम सोपं आहे. रिसिव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज देणारं मुख्य यंत्र) आणि सबवूफर, दोन्ही बंद करून प्लग काढून ठेवा. रिसिव्हरच्या पाठीमागे 'सब प्री-आउट' किंवा नुसतं 'सबवूफर' लिहिलेलं आरसीए सॉकेट (एका पिनेची गोल जागा) असतं. तिथून एकच आरसीए वायर सबवूफरच्या 'एलएफई' (खालच्या आवाजाच्या) इनपुटला न्यायची. सबवर लेफ्ट आणि राइट अशा दोनच जागा असतील तर लेफ्टला लावा, बहुतेकदा तिथेच 'मोनो' लिहिलेलं असतं. वायर आणायला लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी भिंतीच्या कडेकडेने सुतळी लावून अंतर मोजा आणि वर अर्धा मीटर धरा. वायर चांगल्या शिल्डिंगची मागा.

जुन्या होम थिएटर सेटमधला सबवूफर वापरणार असाल तर आधी त्याची पाठ बघा. विजेची वायर नाही, आवाजाचा नॉब नाही, म्हणजे त्यात अॅम्प्लिफायर नाही. तो प्री-आउटवर वाजणार नाही, मध्ये वेगळा अॅम्प लागेल.

आता सबवरचे नॉब. आवाज अर्ध्यावर, फेज (सबची लहर स्पीकरच्या लहरींशी जुळवणारा नॉब) शून्यावर आणि लो पास (फक्त खालचा आवाज पुढे सोडणारी गाळणी) पूर्ण उजवीकडे, किंवा 'एलएफई' अशी खूण असेल तर तिथे. कुठला आवाज सबकडे पाठवायचा हे रिसिव्हर ठरवणार आहे. सबनेही आपली गाळणी लावली तर एकच आवाज दोनदा गाळला जातो आणि मध्येच खड्डा पडतो.

मी इथवर सगळं बरोबर केलं होतं. सिनेमा लावला, सब घुमला. मग बाबांचा तबला लावला आणि सब गप्प. संध्याकाळभर वायर काढून-घालून पाहिली, पण दोष वायरचा नव्हताच. ५.१ (पाच स्पीकर, एक सब) मधला तो '.१' म्हणजे खालच्या आवाजाचा वेगळा चॅनल. तो सिनेमाच्या ध्वनिपटात असतो, साध्या स्टिरिओ गाण्यात नसतो. गाण्यातला खर्ज सबकडे जायचा असेल तर रिसिव्हरच्या मेन्यूत स्पीकर 'स्मॉल' करावे लागतात. आमचे 'लार्ज'वर होते, म्हणून रिसिव्हर सगळा डग्गा त्या बिचाऱ्या छोट्या स्पीकरनाच देत होता. 'स्मॉल' केलं, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला आणि डावा हात आला. रिसिव्हरला माइक लावून आपोआप सेटिंग केलंत तरी नंतर मेन्यूत जाऊन या दोन गोष्टी तपासाच. बऱ्याच रिसिव्हरमध्ये 'प्युअर डायरेक्ट' (आवाजावर काहीही प्रक्रिया न करणारं बटण) दाबलं की सब पुन्हा बंद होतो, हेही लक्षात असू द्या.

खरा वेळ द्यायचा तो जागेला. ८० हर्ट्झची लहर साधारण ४.३ मीटर लांब असते, म्हणजे १४ फूट, बरोब्बर आमच्या हॉलएवढी. भिंतीवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. मग एका खुर्चीवर डग्गा छातीवर बसतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो. म्हणून सब तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा. विलंबित एकतालाचं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीलगत रांगत कान जमिनीपासून हातभर वर ठेवून ऐका. जिथे घिस्सा खालून वर एकसंध सरकतो, मध्ये एकच स्वर फुगत नाही, ती सबची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो, पण आमच्याकडे तिथे प्रत्येक 'धा' सारखाच घुमायचा. शेवटी सब देवघर आणि खिडकीच्या मधे बसला.

मग एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने फेज शून्यावरून १८० वर न्यायची. ज्यात डग्गा भरीव वाटेल ते ठेवायचं.

सतत गुंजारव येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर काढून बघा. आमच्याकडे ती काढताच तो थांबला. अर्थिंगचा गोंधळ होता, केबलवर आयसोलेटर बसवून मिटला. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू नका, ती जिवासाठी आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना हादरा जाऊ नये म्हणून सबखाली जाड रबराची चटई घातली. शोकेसच्या काचा थरथरत होत्या, त्यांच्या खाचेत फेल्ट चिकटवलं.

आवाजाची पातळी बाबांनी लावली. "डावा उजव्याच्या हातात हात घालून चालला पाहिजे, पुढे नाही," म्हणाले आणि चार वेळा "अजून कमी कर" सांगितलं. रिसिव्हरवर सब उणे ४ वर आला तेव्हा त्यांचा डावा तळवा सोफ्याच्या हातावर आपोआप फिरायला लागला. तो आकडा मी अजून बदललेला नाही.