जर्मन वाइनचं लेबल वाचताना या चुका टाळा

‘श्पेटलेझे’ दिसलं की वाइन गोड, ही समजूत आधी सोडा. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या चढत्या पायऱ्या द्राक्षं तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात. ती साखर एक्सले या जर्मन मापाच्या अंशांत मोजतात. त्यातली किती आंबवायची आणि किती बाटलीत ठेवायची, हे वाइन करणारा ठरवतो. म्हणून श्पेटलेझे ड्राय, म्हणजे जवळजवळ गोडी नसलेलीही मिळते. तिच्यावर ‘ट्रॉकन’ (ड्राय) लिहिलेलं असतं. ट्रॉकनमध्ये लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते, तीही आम्लता साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त कमी नसेल तरच. हाल्बट्रॉकनची (अर्धी ड्राय) कमाल मर्यादा १८ ग्रॅम. थोड्या गोडीच्या वाइनवर दिसणाऱ्या ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

आधी अल्कोहोलचा आकडा बघायची सवय लावा. मोझेल नदीच्या खोऱ्यातली रीसलिंग (पांढऱ्या द्राक्षाची एक जात आणि तिची वाइन) ८ टक्क्यांची असेल तर साखर शिल्लक आहे, १२च्या पुढे असेल तर बहुधा ड्राय. घाईत पुढचं लेबल बघून बाटली उचलणारे नेमका हाच आकडा वाचत नाहीत.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मोझेलकाठच्या पीस्पोर्ट गावात गोल्डट्रॉप्फशेन हा पाटीच्या दगडाचा तीव्र उताराचा मळा आहे. सहलीत कुणी तिथली रीसलिंग चाखतं, खूश होतं. मग फ्रँकफर्टच्या सुपरमार्केटात ‘पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग’ दिसते. गाव तेच, लेबलची घडण तीच आणि किंमत कितीतरी कमी. बाटली घरी येते, पातळ आणि गोडमिट्ट निघते आणि दोष रीसलिंगच्या माथी जातो. मिशेल्सबर्ग हा एक मळा नव्हेच. ते ग्रोसलागे, म्हणजे अनेक गावांच्या मळ्यांना मिळून दिलेलं नाव. बाटलीत बरेचदा म्युलर-थुर्गाऊ या दुसऱ्याच जातीच्या द्राक्षाची वाइन असते. १९७१च्या कायद्याने एकेका मळ्याची आणि या मोठ्या क्षेत्रांची नावं एकाच साच्यात लिहायला मुभा दिली. ग्राहकावर हा उघड अन्याय होता. २०२१च्या नियमबदलानुसार २०२६च्या हंगामापासून अशा नावाआधी ‘रेगिओन’ लिहिणं सक्तीचं आहे, पण जुन्या बाटल्या दुकानांत राहणारच. तोवर द्राक्षाची जात लिहिलेली नसेल तर ती बाटली जागेवर ठेवा. ‘निअरस्टायनर गुटेस डोमटाल’ या दुसऱ्या ग्रोसलागेलाही हेच लागू.

लेबलवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ (इस्टेटीतच बाटलीत भरलेली) असेल तर द्राक्षं त्याच इस्टेटीची. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ (उत्पादकाने बाटलीत भरलेली) सहकारी संस्थाही लिहू शकते; त्यात कमीपणा नाही, फक्त फरक माहीत असू द्या.

ए. पी. नंबरचे, म्हणजे सरकारी तपासणीच्या क्रमांकाचे, शेवटचे दोन अंक तपासणीच्या वर्षाचे असतात, द्राक्षांच्या हंगामाचे नव्हेत.

‘ग्रोसेस गेवेक्स’ ही निवडक मळ्यांतली वरच्या दर्जाची वाइन नेहमी ड्राय असते. गोड वाइन हवी असेल तर ती घेऊ नका. बुचावरच्या आवरणावर द्राक्षाचा घड घेतलेला गरुड असेल तर बाटली व्हीडीपी या जर्मन वाइन उत्पादकांच्या संघटनेच्या सदस्याची. सोनेरी आवरणाला मात्र कायद्याने काहीच अर्थ नाही. चांगले उत्पादक ते आपल्या निवडक आउसलेझेसाठी वापरतात, म्हणून उत्पादकाचं नाव वाचल्याशिवाय नुसत्या सोनेरी रंगाला जादा पैसे देऊ नका.